बॉल निघाला होता का

जटपुरा गेटजवळच्या मेडिकलसमोर अम्मीच्या बीपीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा होतो, आणि माझा डावा हात मला न विचारता मागे गेला. मागे जो कोणी उभा होता त्याच्या शर्टाचं टोक त्यानं चिमटीत धरलं. डोळे समोर काउंटरवर, हात मागे. हा आमचा धंदाच. डिफेंडरचा डोळा बॉलवर असतो आणि हात माणसावर. पाठीमागे फॉरवर्ड कुठे सरकतोय ते वळून बघायला वेळ नसतो, म्हणून दोन बोटांनी त्याची जर्सी चाचपत राहायची, रेफ्रीला दिसणार नाही इतपतच. खेळ सोडून दोन वर्षं झाली, पण हाताला ते कोणी कळवलेलं नाही. मागे एकदा बँकेत एका बाईच्या पदराला हात लागता लागता राहिला, तेव्हापासून मी रांगेत हात खिशात घालून उभा राहतो. त्या दिवशी विसरलो. "धर, धर. मी कुठी पळून नाई राह्यलो," मागचा माणूस म्हणाला आणि हसला. वळून पाहिलं तर खाकी कपड्यातला, पोट सुटलेला, काखेत कंडक्टरची चामडी बॅग घेतलेला धनराज. भद्रावतीचा धनराज, आमच्या वेळच्या टीमचा गोलकीपर. तो अहेरीच्या गाडीवर असतो हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच दोन वर्षं मी बसस्टँडच्या बाजूनं जाणं टाळत होतो.

"वारलू तुले विचारून राह्यला," तो म्हणाला. मी म्हणालो, "कोन वारलू?" हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते मी परत घेऊ शकत नाही. धनराजला रागसुद्धा आला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं, कंडक्टर विनातिकीट माणसाकडे पाहतो तसं, आणि सांगू लागला. "मंगळवारी त्याचा पाय कापून राह्यले गडचिरोलीले. गुडघ्याच्या खालून. सोळा वर्सं झाली, ते हाड काई नीट भरलं नाई. आतून पू येते, बंद होते, पुन्हा येते. आता डॉक्टर म्हनते, पाय ठेवला तं मानूस जाईन." रांग पुढे सरकली, आम्ही दोघंही सरकलो. "त्याले पाय जाच्या आंधी एकच गोष्ट पाह्यजे. बॉल निघाला होता का." मी विचारलं, "तू नाई सांगतलं त्याले?" तो म्हणाला, "मी कोन सांगनारा बापा? दर खेपेले गाडीत बसला का विचारते. मी म्हनतो, मले धूळ दिसली. तुयं तू सांग." मग माझा नंबर आला, मी बाजूला सरकलो, आणि त्यानं दोन रुपयांच्या खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मी अम्मीच्या गोळ्या न घेताच दुकानात परतलो.

दुकान म्हणजे माझा मोठा भाऊ अयूब याचं गादी भांडार. आम्ही पिंजारी. घुग्घुसला अब्बा धनुकलीनं कापूस पिंजायचे, अयूबभाईनं चंद्रपुरात मशीन टाकलं, आणि मी आता त्या मशीनच्या आवाजात गादीवर बसून गादी विकतो. माझ्या मागच्या भिंतीवर माझेच तीन फोटो आहेत, तीन क्लबांच्या तीन जर्स्यांत. गिऱ्हाईक गादी दाबून बघत असलं की अयूबभाई फोटोकडे बोट करतो, "मेरा भाई. चौदा साल प्रोफेशनल खेला." गिऱ्हाईक विचारतं, गोल किती मारले? मी सांगतो, तीन. त्यातला एक आमच्याच जाळ्यात मारला होता हे सांगत नाही. डिफेंडरचं हे असं असतं, त्याला आता मी रागावतही नाही. काही घडलं नाही की आमचं काम झालं. नव्वद मिनिटं उन्हात राबायचं ते काही घडू नये म्हणून, आणि जे घडलंच नाही ते पेपरात कोण छापणार? तरी ती चौदा वर्षं माझी होती. म्हापशातली भाड्याची खोली, कोलकात्याच्या मैदानावरचा चिखल, केरळातल्या स्टेडियमात वीस हजार माणसांनी केलेला तो गलका, ज्यात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, भुवईवरचे सात टाके. शिक्षण माझं बारावी नापास, दुकान भावाचं, घर अम्मीच्या नावावर. माझं म्हणावं असं जगात एवढंच आहे. आणि त्या सगळ्याच्या बुडाशी एक टॅकल आहे. अर्ध्या सेकंदाचा. तो उपसला की वरचं सगळं येतं.

मला हा खेळ शिकवला पोचूभाऊनं. तेलुगू माणूस, घुग्घुसच्या खाणीत पंपावर कामाला. शिफ्ट सुटली की तोंडाची कोळशाची भुकटी न धुताच मैदानावर यायचा. मैदान तरी कसलं, काळ्या मातीचा पट्टा, बाजूनं ट्रक जायचे आणि बॉलसुद्धा काळाच दिसायचा. मी बुटका नव्हतो पण चपळही नव्हतो. पोचूभाऊनं मला एकदाच पळायला लावलं आणि म्हणाला, "तू मागं राह्य. पुढं जानारे लय हायेत." मग त्यानं मला एक वाक्य दिलं. दिलं म्हणजे रोज संध्याकाळी कानात ओतलं. बॉल जाऊ दे, चालते. मानूस जाऊ दे, चालते. दोघं एका टायमाले जाऊ देऊ नोको. फॉरवर्डनं बॉल तुझ्या पुढून काढला तर तू माणसाच्या वाटेत उभा राहा. माणूस निसटला तर बॉल तोड. दोनातलं एक तुझ्याकडे राहिलं पाहिजे. हिशेब सोपा होता आणि मंद पायाच्या पोराला मानवणारा होता. पुढे मोठमोठ्या कोचांनी फळ्यावर बाण काढून मला तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. पोचूभाऊ गेला तेव्हा मी केरळात होतो.

आणि वारलू असा होता की दोघंही एका टायमाला न्यायचा. अहेरीकडच्या एका माडिया गोंडांच्या गावातला, आश्रमशाळेत शिकलेला. चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतून निवडलेली पंचवीस पोरं वीस दिवस चंद्रपुरात एका हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपत होती, तिथे त्याची सतरंजी माझ्याशेजारी. झोपेतही त्याचे पाय हलायचे. त्याच्याकडे एकच युक्ती होती. धावता धावता तो एकदम थांबायचा, आपणही थांबायचो, आणि त्याच क्षणी तो बॉल आपल्या एका अंगानं टाकून स्वतः दुसऱ्या अंगानं निघायचा. बॉल उजवीकडून, वारलू डावीकडून, आणि मध्ये आपण, बावळटासारखे, कोणाला धरावं ते न कळलेले. सरावात त्यानं मला वीस दिवसांत किती वेळा असं काढलं ते मोजायला गेलो नाही. काढल्यावर तो मागे वळून हसायचा, पण त्या हसण्यात मस्ती नव्हती. "काऊन बे, पुन्हा?" एवढंच. मला तो आवडायचा. हे लिहिताना खोटं वाटतं, पण आवडायचा. संध्याकाळी तो मला सांगायचा, "तू माया पायाकडे पाहते. पोटाकडे पाह्य. पोट खोटं नाई बोलत." स्वतःच्या युक्तीवरची तोड तो मला स्वतःच शिकवत होता.

शेवटच्या दिवशी भद्रावतीच्या मैदानावर आम्हा पंचवीस जणांतच मॅच लावली होती. गोव्याच्या एका क्लबाचा माणूस आला होता, छत्री घेऊन, पांढरी टोपी, मांडीवर वही. एकच जागा आहे, फार तर एकाला नेऊ, असं आमच्या कोचनं सकाळीच सांगितलं होतं, आणि ती जागा कोणाची हे सगळ्यांना कळलं होतं. वारलूनं दोन गोल मारले होते. माझ्या घरी अब्बांना धाप लागायला लागली होती, अयूबभाई म्हणत होता आता खेळ पुरे, मशीनवर बस. सत्तर मिनिटं झाली असतील. वारलू बॉल घेऊन माझ्यावर आला. मी त्याच्या पोटाकडे पाहिलं. तो थांबला, मी थांबलो. बॉल माझ्या उजव्या अंगानं गेला, त्याचा आवाज मी ऐकला, कोरड्या मातीवरून बॉल जाताना येतो तो सरसर आवाज. तो डावीकडून निघाला. दोघं एका टायमाला गेले होते. पुढे फक्त धनराज होता, आणि धनराज कसला थांबवतोय. वहीवर पेन टेकवलेला तो माणूस मला तेवढ्यात दिसला. मला दिसला, हे मी स्वतःपासून कितीही लपवलं तरी दिसलाच. आणि मी वळून, घसरून, उजवा पाय जमिनीवरून आडवा फिरवला. बॉल तोपर्यंत तीन हात पुढे गेलेला होता.

हाडाचा आवाज वाळली काटकी मोडल्यासारखा येतो म्हणतात. तसा नाही येत. तो ओल्या फांदीसारखा येतो, अर्धा मोडून चिवटपणे अडकतो. धूळ उठली. बॉल आपल्या गतीनं घरंगळत धनराजच्या हातात गेला. दुरून बघणाऱ्याला वाटलं, काय टॅकल केला पोरानं, बॉल सरळ गोलकीपरकडे ढकलला. रेफ्रीनं शिट्टी उशिरा वाजवली, तीही दुखापतीसाठी. वारलू बेशुद्ध. संध्याकाळी पांढऱ्या टोपीचा माणूस मला म्हणाला, टायमिंग, बेटा, टायमिंग. जिल्ह्याच्या पेपरात माझं नाव आलं, जिशाननं चेंडू अचूक काढून घेतला, दुर्दैवानं वारलूला दुखापत. मी दवाखान्यात गेलो होतो. दारापर्यंत. त्याचा पाय वजन लावून टांगलेला होता आणि तो झोपला होता, एका पायाची बोटं झोपेतही हलत होती. मी तसाच परतलो आणि तिसऱ्या दिवशी गोव्याच्या गाडीत बसलो.

पुढे ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की ती पायात उतरली. क्लबातल्या पोरांना, पत्रकाराला, लग्नानंतर सायमाला. बॉल घेतला, पण बिचाऱ्याचा पाय मध्ये आला. आज मी डोळे मिटले तर माझ्या बुटाच्या टोकाला बॉल लागल्याचं मला आठवतं, त्याचं वजनसुद्धा आठवतं. आणि ते खोटं आहे हेही आठवतं. दोन्ही आठवणी एकाच पायात राहतात. गंमत अशी की चौदा वर्षांत मला एकही लाल कार्ड मिळालं नाही. एका सीझनला तर सभ्य खेळाचा कसलासा चषक दिला, तो दुकानात गल्ल्याजवळ ठेवलाय, त्यात अयूबभाई सुया ठेवतो. साफ खेळणारा डिफेंडर म्हणून नाव झालं. लोकांना ते संस्कार वाटले. ती भीती होती. पाय पुढे टाकायची वेळ आली की माझ्या कानात ती ओली फांदी मोडायची, मी अर्धा क्षण थांबायचो, आणि त्या अर्ध्या क्षणात कितीतरी जण मला काढून निघून गेले. म्हणूनच मी कधी मोठा डिफेंडर झालो नाही. बरा झालो. बरा होण्यासाठी एवढं करायची गरज होती का, असं कधीमधी मनात येतं.

सायमाला मी फक्त एवढंच सांगितलं की जुना दोस्त आजारी आहे. ती म्हणाली, "जाऊन या. आजारी माणसाला बघायला जाण्यात सवाब असतो." आणि तिनं संत्री बांधून दिली. तिला वाटत होतं मी पुण्य मिळवायला चाललोय. रविवारी सकाळी मी धनराजच्या गाडीत बसलो. त्यानं मला तिकीट फाडून दिलं आणि पैसे घेतले, दोस्ती बिस्ती काही नाही. बल्लारपूर गेलं, गोंडपिपरी गेलं, आष्टीला वैनगंगेच्या पुलावर ऊन पाण्यावर पडून डोळ्यांत घुसलं. पुढे रस्ता लाल मातीच्या ट्रकांनी खाल्लेला, सागाची पानं धुळीनं विटकरी झालेली. मी सगळी वाट उत्तरं जुळवत होतो. आठवत नाही रे, इतकी वर्षं झाली, हे एक. दोघांचे पाय एकदमच लागले, हे दुसरं, आणि हे बरं होतं, यात कोणी हरत नव्हतं. तिसरं नेहमीचं, बॉल मी घेतला होता. मरणाऱ्या पायाला खोटं सांगितलं तर काय बिघडेल? खरं सांगितलं तर काय बिघडेल हे मला पक्कं माहीत होतं. भिंतीवरचे तीन फोटो उतरतील. कोणी उतरवणार नाही, तिथेच राहतील, पण माझ्यासाठी उतरतील. आलापल्लीच्या पुढे गर्दी कमी झाली तेव्हा धनराज शेजारी येऊन बसला. बॅगेतली नाणी चाळवत म्हणाला, "त्या दिवशी बॉल माया हातात आला, तवा तो गरम नव्हता. कोनी लाथ मारली असती तं जोरात आला असता. हळू आला." मी संत्र्यांची गाठ सोडून पुन्हा बांधली. "मी कोनाले नाई सांगतलं. पोटापान्याचा सवाल होता तुया. पन आता तुयं पोट भरलं ना बे?" एवढं बोलून तो उठला, आणि फाट्यावर घंटी मारून त्यानं मला उतरवलं. परतीला चार वाजता इथूनच गाडी आहे, थांबवीन, म्हणाला.

वारलूचं घर फाट्यापासून जवळच होतं. अंगणात चटईवर मोह वाळत घातलेला, त्याचा गोड, डोकं जड करणारा वास, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास, जो मला खाटेजवळ गेल्यावर कळला. तो खाटेवर बसला होता. माझ्याच वयाचा, पस्तीसचा, पण कानाजवळ केस पांढरे. पायावर धुतलेलं फडकं गुंडाळलेलं होतं. "आला का बे डिफेंडर!" असं ओरडून तो इतका मनापासून हसला की मला पळून जावंसं वाटलं. त्याची बायको बायनाबाई पाणी घेऊन आली. तिनं मला नीट न्याहाळलं, आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली, की हाच का तो. वारलू सांगत होता, थांबतच नव्हता. माझी मॅच टीव्हीवर असली की तो कुबडी घेऊन आलापल्लीला जायचा, एका चहाच्या दुकानात टीव्ही होता, दुकानदार क्रिकेट लावायचा तर त्याच्याशी भांडायचा. "त्याले म्हनत होतो, हा माया शेजारी झोपत होता. तो म्हने, फेकून नोको राहू." केरळातल्या कोणत्या मॅचमध्ये मी कोणाला कसं सोडलं तेही त्याला पाठ होतं. "तू लय थांबत होता बे. पाय टाकतच नव्हता. मी इथी ओरडून राह्यलो, टाक ना पाय!" मी संत्री सोलत बसलो.

मग त्यानं बायकोला कोंबडा आणायला सांगितला. ती सुरी घेऊन आली तर म्हणाला, "तू नोको, हा कापन. याच्यात दुसऱ्यानं कापला का चालत नाई." सोळा वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये मटणाच्या दिवशी मी नुसतं वरण-भात खायचो, ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. मी अंगणाच्या कडेला जाऊन बिस्मिल्लाह म्हणून कोंबडा कापला. सुरी दोनदा फिरवावी लागली, आणि ते आमच्यात बरं समजत नाहीत. हात धुऊन आलो. चुलीवर पाणी चढलं होतं. "तुले काऊन बोलावलं ते धनराजनं सांगतलं असन," तो म्हणाला. मी मान हलवली. "मी बॉल तिकून टाकला आन इकून निघालो. इतकं आठवते. मंग आवाज. मंग काईच नाई, दवाखाना. पेपरात आलं का तू बॉल काढला. गावातले म्हनते, काढला असन, तो मोठा प्लेअर होय. मी म्हनतो नाई काढला. पन मले तरी काय माहीत?" त्यानं गुडघ्यावर हात ठेवला, जिथून कापणार होते त्याच्या जरा वर. "मंगळवारच्या नंतर हे विचारून काई मतलब नाई राहत. सांग तू. बॉल निघाला होता का?"

मी त्याच्या पोटाकडे पाहिलं. सवयच ती. बनियनच्या आत त्याचं पोट श्वासानं वरखाली होत होतं, भराभर, पळून आलेल्या माणसाचं होतं तसं. वाटेत जुळवलेली तिन्ही उत्तरं माझ्याकडे होती. "निघाला होता," मी म्हणालो. "पक्का?" "पक्का. माया पायाले लागलाच नाई. तीन हात पुढं गेला होता. तू मले साफ काढलं होतं." त्यानं मांडीवर थाप मारली, एवढ्या जोरात की दुखऱ्या पायाला धक्का बसून तो कळवळला आणि कळवळतच हसला. चुलीजवळच्या बायकोला त्यानं माडियात ओरडून काहीतरी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यातला बॉल हा एकच शब्द मला कळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. "आयकलं का? काढलं होतं म्यानं. जिशानले काढलं होतं!" मीही हसायला लागलो. खरंच हसलो. सोळा वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. एवढंच होतं तर, एका वाक्याचं काम होतं, असं वाटलं. दोन मिनिटं आम्ही दोघं त्या सतरंजीवरच्या वयाचे होतो.

मग तो खाटेवरून खाली वाकला आणि बोटानं अंगणातल्या मातीत काढून दाखवू लागला. ही लाईन. इथी तू. इथी मी. बॉल असा गेला, मी असा. बोट बॉलच्या वाटेनं गेलं, परत आलं, स्वतःच्या वाटेनं निघालं, आणि जिथे मी उभा होतो त्या खुणेजवळ थांबलं. तो बोट उचलेना. बायनाबाई चुलीतून लाकूड ओढत होती, तीही थांबली. "बॉल तं गेला होता," तो म्हणाला. माझ्याशी नाही, मातीशी. मग मान वर केली. "मंग तू काऊन आला?"

हे मला वाटेत सुचलंच नव्हतं. एवढ्या लांबच्या प्रवासात तीन उत्तरं जुळवणाऱ्या मला हे सुचू नये. खरं सांगितलं की त्याला त्याचा बॉल मिळेल एवढंच मी धरून चाललो होतो. बॉलबरोबर दुसरी गोष्टही त्याच्या हातात जाणार, ती मी बघितलीच नाही. पाय घसरला म्हणता आलं असतं, पण मार्चमधली ती कोरडी जमीन त्यालाही आठवत असणार. पोचूभाऊचं वाक्य सांगता आलं असतं, आणि मग सगळं एका मेलेल्या माणसाच्या माथी गेलं असतं. "तू गेला असता तं मी राह्यलो असतो," मी म्हणालो. "तो मानूस लिहून राह्यला होता. मले दिसला. मंग म्यानं पाय टाकला." बस, एवढंच. याहून जास्त त्यात काही नव्हतंच, सोळा वर्षं फुगवूनही.

वारलूनं पायावरचं फडकं ओढून घेतलं, नीट, घोट्यापर्यंत, जसं परक्या माणसापुढे झाकतात. शिवी दिली असती तर मी ती जपून नेली असती. ऊन सरकून चटईवर आलं, बायनाबाईनं मोह हातानं परतला. रस्सा शिजला. तिनं दोन ताटं वाढली, वारलूनं हातानं एक परत पाठवलं आणि मला म्हणाला, "जेव." पाहुण्यासाठी कोंबडा कापला म्हणजे पाहुण्यानं जेवायचंच, त्यात मागेपुढे होत नाही. मी त्याच्यासमोर एकटा जेवलो. तो मोहाच्या झाडाकडे बघत होता, आणि फडक्याबाहेर राहिलेल्या चांगल्या पायाची बोटं हलत होती. माझं जेवण होईपर्यंत तो तसाच बसला. मधे बायनाबाई एकदा रस्सा वाढायला आली, मी नको म्हणालो, तरी तिनं वाढला.

साडेतीनला मी उठलो. काय बोलून निघतात ते कळत नव्हतं. माफ कर म्हणणं म्हणजे पुन्हा त्याच्याकडूनच काहीतरी मागणं, आणि त्याच्याकडून मी आधीच बरंच नेलं होतं. मी चपला घातल्या. "मंगळवारी येजो," तो मागून म्हणाला.

मी वळलो. "कुठी?"

"गडचिरोलीले. कापाच्या कागदावर दोन सह्या लागतात म्हने. एक बायनाचा अंगठा. एक साक्षीदार."

"मी?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "गावातलं कोनी..."

"गावातल्यायनं कुबडी पाह्यली. डॉक्टरनं जखम पाह्यली." त्याच्या आवाजात राग नव्हता, माया नव्हती, सरावाच्या वेळी कोणी कुठे उभं राहायचं ते सांगावं तसा तो सांगत होता. "हा पाय कसा पळे ते तुले माहीत हाये. सही तुयीच पाह्यजे."

मी हो म्हणालो. किती वाजता, ते विचारलं. आठ वाजता, तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.